नेमाची नीती

नीतीचा विचार करणारे लोक बहुधा मोठ्या प्रश्नांकडे पाहतात आणि लहान प्रश्न दुकानदारांच्या स्वाधीन करतात. जीव घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न शास्त्र्यांचा. घ्यावयाचाच झाल्यास तो कोणत्या काडतुसाने घ्यावा, हा प्रश्न बंदुका विकणाऱ्याचा, अशी एक सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे. आम्हांस ही वाटणी मान्य नाही. दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात पहिल्याचा बराच भाग दडलेला असतो, आणि जो मनुष्य दुसरा प्रश्न हलका समजून टाळतो, त्याच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरही फारसा विश्वास ठेवता येत नाही, असे आमचे मत आहे. हे मत ज्या निमित्ताने पक्के झाले ते आधी सांगतो.

बीड जिल्ह्यात परळी-अंबाजोगाईच्या परिसरात धर्मापुरी म्हणून एक प्राचीन गाव आहे. केदारेश्वराच्या चालुक्यकालीन देवळासाठी व जुन्या किल्ल्यासाठी ते जाणत्यांस ठाऊक आहे. तेथील एका माळकरी कुटुंबाशी आमचा घरोबा आहे. त्या घरातील मुलगा शेतकीचे शिक्षण पुरे करून ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात, मेंढ्यांच्या एका मोठ्या कुरणावर नोकरीस राहिला. कुरणातील सशांचा बंदोबस्त करणे हे तेथे त्याच्या अनेक कामांपैकी एक काम. त्याने घरी पत्र लिहिले, त्यात हे काम करावे लागते याचे दुःख चार ओळींत होते, आणि उरलेली दोन पाने आपण पाच प्रकारची काडतुसे आणून, तीन रविवार खर्चून, कागदावर गोळ्या झाडून त्यांची परीक्षा कशी घेतली आणि त्यांतील एकच प्रकार आपल्या रायफलीस योग्य कसा ठरला, या वर्णनाने भरलेली होती. वडिलांनी उलट टपाली कळविले, "पाप ते पापच. त्यास मोजपट्टी कसली लावतोस?" पुढे ही दोन्ही पत्रे आमच्याकडे अभिप्रायार्थ आली. वडिलांचे अंतःकरण योग्य जागी आहे. परंतु त्यांचा तर्क चुकला आहे, असे आम्हांस वाटते, आणि ते का वाटते हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. येथे जे लिहावयाचे आहे ते धर्मापुरीच्या माळावरील सशाविषयी नव्हे. आपल्या देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. त्यानंतरही लहान शिकारीच्या परवान्यांची तरतूद काही वर्षे शिल्लक होती, ती १९९१च्या दुरुस्तीने गेली. आपल्या माळावर ससा मारणे हा आज गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असावा हेच योग्य आहे. शिवाय आपला ससा आणि ऑस्ट्रेलियातील ससा हे दोन निराळे प्राणी आहेत. आपला ससा बीळ करीत नाही. गवतात अगर झुडपाच्या आडोशाला अंगापुरती जागा दाबून तो दिवसभर पडून राहतो, दिवस कलला की चरावयास निघतो, आणि त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. ऑस्ट्रेलियात माजलेला ससा मूळचा युरोपचा, बिळात वस्ती करून राहणारा. त्याची पिले आंधळी व उघडीबोडकी जन्मतात. आपल्याकडे मुलांच्या हौसेसाठी पिंजऱ्यात पांढरे ससे पाळतात ते याच युरोपीय जातीचे. मराठीत दोघांसही एकच शब्द असल्यामुळे माळकरी पित्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला तो आपला ससा, चंद्राच्या अंगावरचा, जातककथेत अतिथीसाठी अग्नीत उडी घेणारा. शब्द एक असल्याने दया एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहज गेली. तिचे काही वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. परंतु विचार करताना एवढा भेद ध्यानात असावा.

त्या परक्या खंडात हा प्राणी आला कसा, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १८५९ साली व्हिक्टोरियात टॉमस ऑस्टिन नावाच्या एका जमीनदाराने इंग्लंडहून सुमारे दोन डझन ससे आणविले, ते शिकारीच्या करमणुकीसाठी. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्यांच्या संततीने खंडाचा बहुतेक भाग व्यापला. कोवळी झाडे वाढेनात, गवताची मुळे उघडी पडली, माती वाहून गेली आणि तेथले मूळचे लहान प्राणी उपाशी मरू लागले. पश्चिमेकडे शेकडो मैल लांबीचे कुंपण घातले गेले. तेही पुरले नाही. १९५० साली मिक्सोमा नावाचा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला आणि १९९५-९६च्या सुमारास आणखी एक. आज व्हिक्टोरियात १९९४च्या कायद्याने जमीनधारकावर सशांच्या बंदोबस्ताची जबाबदारीच टाकलेली आहे. एका माणसाच्या रविवारच्या करमणुकीची किंमत एक खंड दीडशे वर्षांहून अधिक काळ फेडीत आहे, हा योगायोग पुढील विवेचनात विसरू नये. ज्या कृत्यास धर्मापुरीत अपराध म्हणतात, त्यास समुद्रापलीकडे कर्तव्य म्हणतात. आणि हे कर्तव्य ज्याच्या वाट्यास आले त्याने स्वतः ते निर्माण केलेले नाही.

आता काडतुसाकडे वळू. ज्या मुलामुलींनी महाविद्यालयात एन.सी.सी.मध्ये जमिनीवर पालथे पडून पहिल्या पाच गोळ्या झाडल्या असतील, त्यांस 'पॉइंट टू-टू' रायफल परिचित आहे. तिचे काडतूस बोटाच्या एका पेराएवढे लांब, आणि गोळी अवघी अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची, शिशाची. इंग्रजीत या जातीस रिमफायर म्हणतात. रिम म्हणजे कड. पितळी पुंगळीच्या बुडाशी एक दुमडलेली पोकळ कड असते, तिच्यात ठिणगी पाडणारा मसाला भरलेला असतो, आणि रायफलीची खीळ त्या कडेवर एका बाजूस आपटून तो पेटवते. मोठ्या रायफलींच्या काडतुसात ठिणगीची टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसविलेली असते. ही कडेची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये व पुढे अमेरिकेत विकसित झाली, आणि 'लाँग रायफल' नावाचे आजचे सर्वपरिचित काडतूस १८८७पासून चालत आले आहे. जगात याच्याइतके दुसरे कोणतेही काडतूस खपत नसेल, कारण ते स्वस्त आहे, त्याचा धक्का जाणवत नाही आणि आवाजही बेताचा असतो.

या स्वस्ताईच्या पोटातच दोष आहे. कडेतला मसाला सर्वत्र सारखा पसरला असेल तर प्रत्येक बार सारखा पेटेल. कोठे कमी-जास्त झाला तर गोळीचा वेग कमी-जास्त होईल. दारूचा कण इकडे-तिकडे, शिशाच्या गोळीवरील मेणाचा थर जाड-पातळ, गोळी पुंगळीत किंचित वाकडी बसलेली, अशा अनेक लहान गोष्टींची बेरीज होते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला चाळीस फुटांचे अंतर पडले, तर पन्नास यार्डांवर ते ध्यानात येण्याजोगे नसते. शंभर यार्डांवर मात्र एक गोळी दुसरीच्या सुमारे इंचभर खाली लागते. आणि सशाच्या मस्तकात ज्या जागी गोळी लागली असता त्यास कळण्यापूर्वी तो मरतो, ती जागा फार तर दीड इंच रुंद असते. त्या जागेच्या बाहेर इंचभर म्हणजे जबडा.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मोठ्या रायफलीचा जाणता वापरणारा आपली काडतुसे स्वतः भरू शकतो. पुंगळी तीच, पण दारू तोलून, गोळी निवडून, आपल्या नळीस मानवेल असे काडतूस तो घरी सिद्ध करतो. रिमफायरची पुंगळी एकदा उडाली की संपली. ती पुन्हा भरता येत नाही. म्हणजे कारखान्यातून जे आले त्यात बदल करणे याच्या हाती नाही. याच्या हाती निवड आहे, आणि निवडीपूर्वीची परीक्षा आहे. बाकी सर्व दुसऱ्यांनी आधीच ठरविलेले असते.

निवड करावयाची ती कशाच्या आधारे? दुकानात जाणारा नवखा मनुष्य बहुधा वेगाकडे पाहतो. डबीवर 'हाय व्हेलॉसिटी' असे शब्द असले की त्यास वाटते, जितका वेग अधिक तितका नेम सरळ. अंशतः ते खरे आहे. वेगवान गोळी कमी पडते, आणि अंतराच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी चालते. परंतु ध्वनीचा वेग साधारण वीस अंश उष्णतेच्या हवेत सेकंदाला अकराशे पंचवीस फुटांच्या आसपास असतो. वेगवान काडतुसाची गोळी नळीतून साडेबाराशे फुटांच्या वेगाने निघते, म्हणजे ध्वनीच्या पुढे. आणि हवेच्या विरोधामुळे शंभर यार्डांच्या आतच ती ध्वनीच्या वेगाखाली उतरते. हे उतरणे सुखाचे नसते. त्या संधीस गोळीभोवतालच्या हवेचा दाब अस्ताव्यस्त होतो, आणि गोळीत जो काही बारीक असमतोल असेल तो उघडा पडतो. उलट मध्यम वेगाची, सुमारे एक हजार सत्तर फुटांनी निघणारी गोळी आरंभापासूनच ध्वनीच्या मागे असते. तिला हा उंबरठा ओलांडावाच लागत नाही. त्याहून चमत्कारिक गोष्ट वाऱ्याची आहे. आडवा वारा वेगवान गोळीस कमी ढकलील असे कोणासही वाटेल. या काडतुसाच्या बाबतीत घडते नेमके उलट. वारा गोळीस किती वाहून नेतो हे तिच्या प्रवासाच्या नुसत्या काळावर अवलंबून नसून हवेने तिचा वेग किती खाल्ला यावर अवलंबून असते, आणि ध्वनीच्या उंबरठ्यापाशी हवा सर्वांत अधिक खाते. म्हणून अधिक पैसे देऊन घेतलेला वेग वाऱ्याच्या दिवशी अधिक चुकवितो.

आणखी एक बारकावा, आपल्या वाचकांस धर्मापुरी आणि व्हिक्टोरिया यांतील अंतर दाखविणारा. ध्वनीचा वेग उष्णतेबरोबर वाढतो. मराठवाड्यातील वैशाखात, चाळीस अंशांवर, तो साडेअकराशे फुटांच्याही वर जातो. दवाचे हिम होणाऱ्या व्हिक्टोरियातील पहाटेस तो अकराशेच्या खाली उतरतो. एका ठिकाणी उंबरठ्यापासून सुरक्षित अंतरावर असलेले काडतूस दुसऱ्या ठिकाणी त्याच्या अगदी जवळ येते. ज्याने उन्हाळ्याच्या दुपारी परीक्षा घेतली आणि हिवाळ्याच्या पहाटे तीवर विश्वास टाकला, त्याने परीक्षा अर्धीच घेतली.

या सर्वांवर कडी म्हणजे नळीची आवडनिवड. एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन रायफली शेजारी ठेवाव्या. एकीतून ज्या डबीच्या पाच गोळ्या पन्नास यार्डांवर रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातात, त्याच डबीच्या गोळ्या दुसरीतून पेल्याच्या तोंडाएवढ्या जागेत विखुरतात. कारण पुस्तकात पाहून सांगता येत नाही. कागदावर झाडूनच पाहावे लागते. ज्यांचा सगळा लौकिक या काडतुसावर उभा असतो ते हे पुरेपूर जाणतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिक येथे पन्नास मीटर पालथ्या नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. दोन्ही स्पर्धा याच शिशाच्या चिमुकल्या गोळीच्या. त्यांच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ साडेदहा मिलिमीटरांहूनही किंचित लहान असते, आणि अंतर पन्नास मीटर. या दर्जाचे नेमबाज नुसते नाव पाहून काडतूस घेत नाहीत. एकाच नावाच्या काडतुसांचे निरनिराळे घाणे आपल्या नळीतून झाडून पाहतात, जुळलेला घाणा सापडला की त्याचाच साठा करतात, आणि तो संपत आला की अस्वस्थ होतात. ज्या राधानगरीच्या रानात पूर्वी करवीरच्या छत्रपतींची राखीव शिकार होती आणि जेथे १९५८पासून अभयारण्य आहे, त्या तालुक्याने नेमबाज द्यावा आणि त्याचे लक्ष्य कागद असावे, यात आम्हांस काळाची एक चांगली खूण दिसते.

कागदास वेदना नाहीत. तरी कागदासाठी एवढी चिकित्सा आपण कौतुकाने वाचतो, वर्तमानपत्रे तीस साधना म्हणतात. तीच चिकित्सा एका मुलाने जिवंत प्राण्यासाठी केली, तेव्हा घरच्यांस ती क्रूरता वाटली. हे उलटे नव्हे काय?

वडिलांच्या बाजूने सर्वांत बळकट म्हणणे असे मांडता येईल. कर्माची परीक्षा कर्त्याच्या बुद्धीवरून करावी, हा सिद्धान्त लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात पाश्चात्त्य सुखवाद्यांविरुद्ध मोठ्या आग्रहाने मांडला आहे. मग मुलाची बुद्धी शुद्ध असेल, तो केवळ कर्तव्य म्हणून व दुःखी अंतःकरणाने गोळी झाडीत असेल, तर गोळी कोणत्या डबीतली याने काय फरक पडणार? आणि बुद्धी अशुद्ध असेल तर उत्तम डबीनेही ती शुद्ध होणार नाही. युक्तिवाद नेटका आहे. परंतु त्यात शुद्ध बुद्धी म्हणजे केवळ मनातल्या मनात वाटणारी हळहळ असे गृहीत धरले आहे. आमच्या मते, ज्याच्या हातून दुसऱ्यास वेदना होण्याचा संभव आहे, त्याने ती कमीत कमी कशी होईल हे शोधून काढण्याचे श्रम न घेता नुसती हळहळ बाळगली, तर ती बुद्धी शुद्ध नव्हे, आळशी म्हणावी लागेल. वैद्याने रोग्यावर कितीही प्रेम केले आणि शस्त्र उकळून घेतले नाही, तर त्याचे प्रेम आपण जमेस धरीत नाही. "माझा हेतू तसा नव्हता" हे वाक्य जेथे परीक्षा शक्य होती तेथे चालत नाही. जबडा फुटलेला ससा बिळात जाऊन उपाशी मरतो, तेव्हा मारणारा म्हणतो, हात हलला. पुष्कळदा हात हललेला नसतो. तो प्रसंग आठ दिवसांपूर्वी दुकानात, स्वस्त डबी न पारखता उचलली, तेव्हाच ठरून गेलेला असतो. चाप ओढण्याच्या क्षणाची नीती आपण फार चर्चितो. परंतु त्या क्षणी माणसाच्या हाती फार थोडे उरलेले असते.

काडतुसाच्या निवडीत आणखी एक प्रश्न येतो, आणि तो ऐकताच सुसंस्कृत मनुष्य दचकतो. काही गोळ्यांचे टोक भरीव व गोल असते, काहींच्या टोकास खळगा असतो. खळग्याची गोळी शरीरात शिरताच उमलते आणि मोठी जखम करते. दयाळू मनुष्याने कोणती घ्यावी? सहज उत्तर येईल, लहान जखमेची. याच सहज भावनेस अनुसरून १८९९ साली हेग येथील परिषदेत राष्ट्रांनी युद्धात उमलणारी गोळी वर्ज्य केली. त्या गोळीस ज्या नावाने जग ओळखते ते नाव कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्याचे, हे आपल्याकडील वाचकांस ठाऊक असेलच. परंतु युद्धात हेतू शत्रूस लढण्यास असमर्थ करण्याचा असतो. जखमी शिपायामागे डोली येते, रुग्णालय येते, आणि लहान जखम भरून तो घरी जातो. म्हणून तेथे मोठी जखम ही निरर्थक क्रूरता. सशामागे डोली येत नाही. छातीतून भरीव गोळी लहान छिद्र पाडून आरपार गेलेला ससा बिळापर्यंत पोहोचतो आणि काही वेळ, कधी पुष्कळ वेळ, जगतो. त्याच्यासाठी मोठी जखम हीच लहान वेदना. एकच वस्तू माणसाच्या बाबतीत निषिद्ध आणि प्राण्याच्या बाबतीत विहित ठरते, आणि दोन्ही नियमांच्या मुळाशी दयाच असते. तथापि येथेही नळीचा कौल घ्यावाच लागतो. उमलणारी गोळी त्या विशिष्ट रायफलीतून विखुरत असेल तर तिचे उमलणे व्यर्थ आहे, आणि मस्तकावर अचूक लागणारी साधी गोळी तिच्यापेक्षा बरी. त्या मुलाने शेवटी निवडली ती मध्यम वेगाची, खळग्याची. महाग होती म्हणे.

आता या परीक्षेचे खरे फळ काय ते पाहू; वडिलांच्या आणि पुष्कळशा टीकाकारांच्या दृष्टीतून तेच निसटले आहे. कागदावरील पाच छिद्रे पाहून मनुष्य आपण किती उत्तम आहोत हे शिकत नाही. आपण कोठवर विश्वासार्ह आहोत हे शिकतो. पन्नास यार्डांवर पाच गोळ्या दोन इंचांत पडत असतील, तर दीड इंचाच्या जागेवर पन्नास यार्डांवरून गोळी टाकणे हा जुगार झाला. अंतर पस्तीस-चाळीस यार्डांच्या आत आणले पाहिजे, आणि ससा त्याबाहेर असेल तर रायफल खाली ठेवली पाहिजे. काडतूस बदलून तोच पसारा पाऊण इंचावर आला, तर मर्यादा थोडी पुढे सरकेल. वारा सुटला तर पुन्हा मागे येईल. म्हणजे परीक्षेने मिळते ते बहुतांशी नकाराचे ज्ञान. अचूकतेच्या नादी लागलेला मनुष्य अधिक प्राणी मारील अशी भीती व्यक्त केली जाते. प्रामाणिक परीक्षा घेणारा पुष्कळदा चापावरून बोट काढतो. आपल्या पुराणांस हे ठाऊक होते. दशरथाची विद्या शब्दवेधाची. कौशल्य असामान्य, पण त्याने लक्ष्य पाहिले नाही, घड्याच्या बुडबुड्यावर बाण टाकला आणि श्रावण गेला. त्याचे पाप नेम चुकण्याचे नव्हते. नेम बरोबर लागला. जेथे ज्ञान संपते तेथे थांबावयाचे, तेथे तो थांबला नाही. याच्या उलट अर्जुनाची सुप्रसिद्ध परीक्षा घ्या. चित्रांत व कीर्तनांत झाडावरचा पक्षी जिवंत दाखविण्याची चाल पडली असली, तरी महाभारतातील द्रोणाचार्यांनी तो कारागिरांकडून मुद्दाम करवून घेतलेला कृत्रिम पक्षी होता. आचार्यांस शिष्याचा नेम पाहावयाचा होता, आणि तेवढ्यासाठी त्यांस पाखरू मारण्याची गरज वाटली नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही सहजासहजी दूर सारू शकत नाही. कौशल्यास स्वतःची एक नशा असते. यार्ड, इंच, फूट, घाणे, वारा यांच्या हिशेबात गुंगलेल्या मनुष्यास हळूहळू ससा दिसेनासा होतो, दीड इंचाची जागा तेवढी दिसते; आणि "मी स्वच्छ मारतो" या अभिमानाच्या पडद्याआड "मी का मारतो" हा प्रश्न झोपी जातो. अचूक नेम हा "कसे" या प्रश्नाचे उत्तर आहे. "का" याचे उत्तर त्याने दिले असे जो समजतो तो स्वतःस फसवितो. वसंत ऋतूत बिळात आंधळी पिले असताना त्यांच्या आईवर टाकलेली गोळी कितीही अचूक असो, पिले तर उपासानेच मरतात. तेथे उत्तम काडतूस काहीच वाचवीत नाही, पंचांग पाहून थांबणेच वाचविते. सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेच्या विहारयात्रांस जात, आपण त्या सोडून धर्मयात्रा आरंभिल्या, असा त्या लेखाचा आशय. चौदा लेखांपैकी नेमका हा आपल्या भूमीत प्रथम मिळावा, याचा आम्हांस नेहमी आनंद वाटतो. अशोकाने तेथे दोष ठेवला तो नेम चांगला की वाईट यावर नव्हे, करमणुकीवर. ऑस्टिनचे दोन डझन ससे करमणुकीसाठीच उतरविले गेले होते, आणि आज त्यांच्या वंशजांवर करमणूक म्हणून गोळी झाडणारे लोक तेथे कमी नाहीत. कायदा त्यांस आणि आमच्या धर्मापुरीकरास एकाच रकान्यात बसवितो. आम्ही बसविणार नाही. मात्र दोघांस वेगळे कसे ओळखावे, हे बाहेरून सांगणे कठीण आहे, आणि काडतुसाची डबी हे त्यातल्या त्यात एक दिसणारे चिन्ह आहे. पुरावा म्हणून ते अपुरे आहे, हे कबूल.

या संदर्भात आपल्याच मुलखातील फासेपारध्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्याच्याजवळ रायफल नाही, यार्ड-इंचांचा हिशेब नाही. दोऱ्याचा फास आहे. फासात सापडलेला ससा किंवा तित्तर गोळीपेक्षा अधिक वेळ तडफडतो, यात संशय नाही. ज्या जमातींस १८७१ पासूनच्या कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही ज्यांवरील डाग पुसला गेला नाही, त्यांतील एखादा मनुष्य भुकेपोटी फास लावतो, आणि पोटभर जेवलेला मनुष्य परदेशात परवान्याने अचूक गोळी झाडतो. वेदना पहिल्याच्या हातून अधिक होते, गरज पहिल्याचीच अधिक असते. नुसत्या वेदनेच्या मोजपट्टीने निवाडा केला तर पारधी अधिक दोषी ठरेल, आणि हा निवाडा आमच्या गळी उतरत नाही. ज्यास निवड होती त्याच्याकडून निवडीचा हिशेब मागावा. ज्यास कोणी निवड ठेवलीच नाही त्याच्याकडे तो कोणत्या तोंडाने मागावयाचा? धर्मापुरीच्या मुलाजवळ पाच डब्या होत्या आणि तीन रविवार होते, म्हणून आम्ही त्याच्याविषयी इतके लिहिले.

त्याच्या पत्रातील शेवटच्या भागाकडे घरात कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. पॉइंट टू-टूची जखम बारीक असते. रक्त बहुधा दिसत नाही, आणि गोळी लागलेला ससाही न लागलेल्यासारखाच उडी मारून बिळाकडे पळतो. त्यामुळे लागली की चुकली हे दुरून ठरविता येत नाही. म्हणून प्रत्येक बारानंतर, चुकला असे स्वतःची खात्री असली तरी, तो रायफल मोकळी करून त्या जागेपर्यंत चालत जातो, गवत बाजूस करून केस पडले आहेत का पाहतो, आणि बिळाच्या तोंडाशी काही वेळ बसतो. अंधार पडल्यावर हे शोधणे जमत नाही, यास्तव दिवस मावळण्यापूर्वी अर्धा तास तो शेवटची गोळी झाडून मोकळा होतो. मालकास हे पसंत नाही, कारण ससे बाहेर पडतात ते नेमके त्याच अर्ध्या तासात.